दीड दिडके सव्वादोन

फिशटँकच्या दुकानात माप फुटांत चालतं. दोन बाय एक बाय एक, तीन बाय सव्वा बाय सव्वा, चार बाय दीड बाय दीड. आधी लांबी, मग रुंदी, शेवटी उंची. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालचा. पण क्रॉफर्ड मार्केटातल्या माशांच्या दुकानांत आजही टाकी फुटांत सांगतात, काच मिलिमीटरात आणि पाणी लिटरांत. जुना काचवाला भेटला तर तो काचही सुतात मोजतो. दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर, चार सूत म्हणजे बारा.

पावकी-निमकी पाठ असलेल्यांना हा हिशेब तोंडी येतो. दीड दिडके सव्वादोन, सव्वादोन चोक नऊ. चार बाय दीड बाय दीडच्या टाकीत नऊ घनफूट जागा असते. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणजे टाकी काठोकाठ भरली तर २५५ लिटर. पाण्याच्या लिटरचं वजन किलोभर, तेव्हा २५५ किलो. एवढं ऐकल्यावर गिऱ्हाईक जरा थबकतं आणि विचारतं, ‘मग काच जाड लागेल ना?’ प्रश्न बरोबर आहे, त्यामागचं कारण मात्र चुकीचं. लिटर जास्त म्हणून काच जाड, असं त्याला वाटत असतं. काचेला लिटर कळत नाहीत. तिला फक्त खोली कळते.

ही गोष्ट सायमन स्टेव्हिन नावाच्या फ्लेमिश गणितज्ञाने १५८६ साली लिहून ठेवली आहे. पाण्याचा दाब खोलीवर अवलंबून असतो. भांडं केवढं, मागे पाणी किती, याच्याशी त्याचा संबंध नाही. दीड फूट खोल पाण्याच्या तळाशी जो दाब असतो तो चार फुटी टाकीत तेवढाच आणि चाळीस फुटी टाकीतही तेवढाच. टाकी मागे-पुढे रुंद केली तर समोरच्या काचेवर कणभरही जास्त भार येत नाही. लांबी वाढवली तर भार लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण तो सोसायला काचही तेवढीच लांब झालेली असते. उंचीचं मात्र तसं नाही. उंची वाढली की तळाचा दाब वाढतो आणि तो झेलणारं क्षेत्रफळही वाढतं, त्यामुळे एकूण भार उंचीच्या वर्गाने चढतो. चार फूट लांब, दीड फूट उंच काचेवर पाणी साधारण १२७ किलोच्या जोराने रेटत असतं. उंची दोन फूट केली की तोच जोर २२६ किलोंवर जातो. वाढवलं ते फक्त अर्धा फूट.

आता एक सौदा पाहा. चार बाय दीड बाय दीड म्हणजे नऊ घनफूट. तीन बाय दीड बाय दोन म्हणजेही नऊच घनफूट. पाणी तेवढंच. काचेचा हिशेब केलात तर गंमत अशी, की दोन्हींना साडेबावीस चौरस फूटच काच लागते. पण दुसरी टाकी दोन फूट उंच आहे. अभियंते काचेचा वाक काढतात त्या नेहमीच्या सूत्राने, काचेच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच ताण येऊ द्यायचा असं धरून मी दोन्हींचा हिशेब करून पाहिला. पहिलीला सव्वाआठ मिलिमीटरच्या जवळपास काच लागते, दुसरीला पावणेअकरा ते अकरा. बाजारात सव्वाआठची काच मिळत नाही. चार, पाच, सहा, आठ, दहा, बारा अशाच जाड्या मिळतात, आणि अशा वेळी वरची घ्यायची असते. म्हणजे पहिली दहाची, दुसरी बाराची. पहिलीत सुमारे ५२ किलो काच जाते, दुसरीत ६३. तेवढ्याच पाण्यासाठी जास्तीचे पैसे मोजून गिऱ्हाईक विकत घेतं ती फक्त उंची.

आणि ती घेतंच. दिवाणखान्यात उंच टाकी शोभते, शोकेसमध्ये कमी जागा खाते, वरून दिवा सोडला की झुंबरासारखी दिसते. शिवाय उंच आणि अरुंद टाकी दुकानदारालाही परवडते, कारण तीन बाय एक बाय दोनची टाकी फळीवर मावते आणि गिऱ्हाइकाला ‘मोठी’ वाटते. अशी टाकी पाच किंवा सहाच्या काचेत उभी असलेली मी एकाहून अधिक दुकानांत पाहिली आहे. ती त्या दिवशी फुटत नाही. म्हणूनच ती विकली जाते.

ती लगेच का फुटत नाही आणि नंतर का फुटते, हे समजून घेण्यासारखं आहे. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२० साली काचेच्या बारीक धाग्यांवर प्रयोग करून दाखवलं, की काच कागदावर जितकी मजबूत असायला हवी त्याच्या जवळपासही प्रत्यक्षात का नसते. पृष्ठभागावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म चिरा तिचा घात करतात. ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो आणि चीर पुढे सरकते. त्यात पाण्याची भर पडते. ताणाखाली असलेल्या काचेत, चिरेच्या टोकाशी, हवेतल्या बाष्पाची आणि काचेच्या रेणूंची सावकाश रासायनिक क्रिया चालते. बंध एकेक करून सुटतात. तासाभराचा भार सहज पेलणारी काच तोच भार वर्षभर पेलेल याची म्हणूनच खात्री नसते. काचेच्या खिडकीवर वाऱ्याचा झोत येतो आणि जातो. टाकीच्या काचेवरचा रेटा एका क्षणासाठीही उतरत नाही, आणि मुंबई-कोकणात बाष्पाची वाण कधीच नसते.

इथे एक बारकावा आहे. पाणी आतून रेटतं तेव्हा काच बाहेरच्या बाजूला फुगते. कारागिरांच्या बोलीत तिला पोट सुटतं. अशा काचेची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि काच ताणाला कच्ची, दाबाला पक्की. त्यामुळे शेवाळं खरवडताना आतून पडलेल्या ओरखड्यापेक्षा बाहेरून, ऐन मधोमध पडलेला ओरखडा जास्त धोक्याचा. जुन्या खिडकीची किंवा शोरूमच्या दाराची काच स्वस्तात मिळाली म्हणून टाकीला लावू नये, ते याचसाठी. तिने आयुष्यभर धूळ आणि फडकी सोसलेली असतात.

जाडी वाढवली की फायदा मात्र भरघोस मिळतो. जाडी दुप्पट केली तर ताण चौथ्या हिश्श्यावर येतो आणि पोट आठव्या हिश्श्यावर. म्हणून सहाऐवजी आठ घेणं हा उधळेपणा नव्हे. याउलट पाचऐवजी चार घेऊन वाचवलेले पैसे किती महाग पडतात, ते ज्याच्या लाकडी कपाटात ५० लिटर पाणी उतरलं आहे त्याला विचारावं.

टाकी घडताना पाहायची तर काचेच्या गाळ्यात जावं. कारागीर पूर्वीच्या हिरकणीऐवजी आता चाकाचा कटर वापरतो. पट्टी लावून एकदाच, एका दमात रेघ ओढायची. परत त्याच रेघेवरून गेलं की कडेला टवके उडतात. मग काच टेबलाच्या कडेवर आणून हलकासा झटका, आणि रेघ उलगडल्यासारखी काच दोन होते. त्यानंतरचं काम पाहण्यासारखं, आणि घाईत हेच गाळलं जातं. कार्बोरंडमचा दगड पाण्यात बुडवून प्रत्येक कड घासायची. हात कापू नये हे एक कारण झालं. खरं कारण असं, की टवका म्हणजे तयार चीर, आणि कडेपासून सुरू झालेली चीर काचेच्या मध्यापर्यंत जायला वेळ लावत नाही. पाचही काचा कापल्या की त्या गुण्याने तपासायच्या. समोरची आणि मागची काच लांबीला एकसारखी हवी, आणि बाजूच्या काचा आत बसणार असतील तर त्यांच्या मापातून दोन काचांची जाडी वजा झालेली हवी. घरी टाकी बनवणारे इथेच फसतात. दहाच्या काचेत ती वजाबाकी वीस मिलिमीटरची होते.

सिलिकॉन भरण्याआधी कडा थिनरने किंवा ॲसिटोनने पुसतात आणि मग बोट लावत नाहीत. बोटाचा तेलकटपणा सांध्याला पुरेसा बाधतो. सांध्याच्या दोन्ही अंगांना मास्किंग टेप. दोन काचांत मिलिमीटरभर फट राहावी म्हणून काही जण आगपेटीच्या काड्या ठेवतात, कारण काच काचेवर दाबून बसवली तर सगळं सिलिकॉन बाहेर येतं आणि आत नुसता पापुद्रा उरतो. गनमधून अखंड रेघ सोडायची, बोटाने एकदाच ओढायची आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप सोलायची. साल धरल्यावर सोलली तर कड फाटते. गाळाभर व्हिनेगरसारखा वास सुटतो. तो सिलिकॉनमधून निघणाऱ्या ॲसेटिक आम्लाचा. बाथरूमसाठी मिळणाऱ्या काही सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना विष. डबीवरची बारीक अक्षरं वाचायची ती यासाठी. वरून हाताला कोरडं लागलं तरी आतून सिलिकॉन सुकायला दिवस जातात. आठवडाभर टाकीला पाणी दाखवू नये.

जाड काचेचं आणखी एक कारण इथे लक्षात येतं. पाचच्या काचेची कड पाच मिलिमीटर, दहाची दहा. सांधा ज्यावर चिकटणार ती जागाच दुप्पट होते. टाक्या काच फुटून जातात त्याहून सांध्यातून गळून जास्त जातात, असं टाक्या दुरुस्त करणारे सांगतात, आणि त्यांच्या गाळ्यात रांगेने ठेवलेल्या टाक्या पाहून ते पटतं.

हे सिलिकॉनचं तंत्र फार जुनं नाही. विलायतेत काचेवरचा कर १८४५ साली उठला, काच स्वस्त झाली आणि घरोघरी मासे पाळण्याची टूम निघाली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं मत्स्यगृह १८५३ साली उघडलं. तेव्हापासून शंभरेक वर्षं टाकी म्हणजे लोखंडी चौकट, तळाला पाटी किंवा पत्रा, आणि काच बसवायला लांबी, म्हणजे पुट्टी. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. त्याच्या आगेमागे शहरात ज्या घरांत फिशटँक आले ते अँगलच्या चौकटीतले होते. चौकट गंजायची, लांबी सुकून भेगाळायची, पण एक गोष्ट चांगली होती. चौकट काचेला चारही बाजूंनी धरून ठेवायची. आजच्या बिनचौकटीच्या टाकीत वरची कड मोकळी असते आणि पोट तिथेच सर्वांत जास्त सुटतं. म्हणून वर, कडेला आडव्या काचेच्या पट्ट्या आणि लांब टाकी असेल तर मधोमध पुढून मागे एक क्रॉस पट्टी लावतात. वर मी जो सव्वाआठचा हिशेब दिला तो वरची कड अशी धरलेली आहे असं मानूनच. पट्टी दिसायला अडचणीची, झाकण बसायला अडचणीची, म्हणून गिऱ्हाईक नको म्हणतं. नको असेल तर काच एक पायरी वर घ्यावी. पट्टी नाही आणि काचही पातळ, या जोडीला माझा विरोध आहे.

हल्ली दुकानदार टफन काच पुढे करतात. ती मजबूत असते हे खरं. पण तिची ताठरता साध्या काचेएवढीच, त्यामुळे पोट तेवढंच सुटतं. टफन केल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. आणि फुटली तर साध्या काचेसारखी तडकून गळत राहत नाही. एका क्षणात तिचे खडे होतात आणि सगळं पाणी एकदम खाली येतं. घरगुती टाकीला मी साधी फ्लोट काच, पण पुरेशी जाड, हाच सल्ला देईन. हिरवट झाक नको असेल तर कमी लोहाची काच मिळते. तिच्यात पैसे जातात ते पारदर्शकतेचे, ताकदीचे नव्हे.

ॲक्रिलिकचा विषय निघाला की कुणीतरी बर्लिनची आठवण काढतंच. तिथल्या एका हॉटेलच्या लॉबीतलं ॲक्वाडोम नावाचं उभं दंडगोल मत्स्यालय १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे फुटलं आणि सुमारे दहा लाख लिटर खारं पाणी रस्त्यापर्यंत गेलं. आत दीड हजारांच्या आसपास मासे होते. तज्ज्ञांनी चौकशी केली, शक्यता मांडल्या, पण नेमकं एक कारण सिद्ध झालं नाही. त्याचा आपल्या तीन फुटी टाकीशी तसा संबंध नाही. तरी चौदा मीटर उंचीचा तो दंडगोल आठवला की उंचीची हौस कुठवर जाते ते कळतं.

आता माशाकडे वळू. टाकी त्याची आहे, हे या गडबडीत विसरायला होतं. पाण्यात प्राणवायू पृष्ठभागातून शिरतो. चार बाय दीडच्या टाकीला सहा चौरस फूट पृष्ठभाग मिळतो, तीन बाय दीडच्या उंच टाकीला साडेचार. पाणी तेवढंच, श्वास घ्यायची खिडकी पाऊणच. एअर पंप चालू असतो तोवर हा फरक झाकून जातो. भारनियमन असलेल्या गावात दुपारी चार तास वीज गेली की उंच टाकीतले मासे आधी वर येऊन तोंडं उघडझाप करू लागतात. अशा गावात टाकी ठेवणाऱ्याने उंचीचा विचार सोडून द्यावा, हे मी यासाठी म्हणतो.

रुंदीचा हिशेब आणखी सोपा. मासा आडवा पोहतो आणि वळतो. पूर्ण वाढलेला मासा जेवढा लांब, निदान तेवढी टाकी रुंद हवी. दुकानात बोटाएवढा दिसणारा ऑस्कर फूटभर होतो. फ्लॉवरहॉर्नही तेवढाच. ‘शार्क’ म्हणून पोरांना देतात तो चंदेरी मासा खरं तर पंगॅशियस जातीचा, नदीत मीटरभराहून मोठा होणारा. त्याला घरात कुठलीच टाकी पुरत नाही. आरोवाना वास्तूसाठी म्हणून आणतात, तो दोन-अडीच फूट होतो, आणि त्याला लोक एक फूट रुंदीच्या टाकीत ठेवतात. मग तो वळताना काचेला घासतो. वास्तुशास्त्र ईशान्य दिशा सांगतं, रुंदीबद्दल मात्र गप्प राहतं.

आणखी एक मोजपट्टी आहे, माणसाचा हात. टाकीच्या तळाशी पोचायला खांद्यापर्यंत हात घालावा लागत असेल तर तळ साफ होणार नाही, हे पहिल्या महिन्यातच ठरलेलं असतं. दोन फूट उंच टाकीत, त्यातही स्टँडवर ठेवलेल्या, घरातल्या बहुतेकांना स्टुलावर चढावं लागतं.

जमीन कशी आहे, हा प्रश्न शहरात टाकीएवढाच महत्त्वाचा. आपल्याकडच्या भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून आखतात. चार बाय दीड बाय दीडची टाकी पाणी, काच, वाळू-दगड आणि स्टँड धरून साडेतीनशे किलोंच्या घरात जाते, आणि ती उभी राहते अर्ध्या चौरस मीटरहून थोड्या जास्त जागेवर. म्हणजे त्या जागेवर तिपटीने भार. स्लॅब लगेच कोसळेल असं नाही. मानकातला आकडा सगळ्या खोलीवर पसरलेला असतो आणि दहा बाय बाराच्या खोलीचा एकूण वाटा दोन टनांच्या वर भरतो. पण टाकी खोलीच्या मधोमध नको, भिंतीलगत आणि बीमजवळ असावी. बाहेर काढलेल्या गॅलरीत नको. जुन्या वाड्यात किंवा चाळीत कडीपाटाची माडी असेल तर कड्यांना आडवी ठेवावी, म्हणजे भार एकाच कडीवर न पडता तीन-चार कड्यांत वाटला जातो. आणि ती माडी आधीच हलत असेल तर दोन फुटी टाकीवर समाधान मानावं.

स्टँड करताना पाणसळ लावायलाच हवी. एका बाजूला पाव इंच उतार असला तर काचेला तो पेलतो. पण स्टँडला पीळ असेल, म्हणजे तीन कोपरे टेकलेले आणि चौथा अधांतरी, तर टाकी रिकामी असतानाच तळाची काच ताणली जाते आणि भरली की तडकते. बिनचौकटीच्या टाकीखाली अर्ध्या इंचाचा थर्माकोल घालतात तो हे बारीक उंचवटे गिळायला. प्लॅस्टिकची चौकट असलेल्या टाकीखाली मात्र थर्माकोल घालू नये, कारण ती चौकटीवरच उभी राहावी अशी केलेली असते आणि थर्माकोल मधूनच तळाला वर रेटतो.

लिफ्टचं माप आधी घ्या. चार फुटी टाकी तिरकी करून बहुतेक लिफ्टमध्ये जाते. सहा फुटी जात नाही, जिन्याच्या वळणावरही अडते. तेव्हा कारागिराला घरी बोलावून टाकी जागेवरच चिकटवून घ्यावी लागते आणि आठवडाभर दिवाणखाना व्हिनेगरच्या वासासह त्याच्या हवाली करावा लागतो.

जुनी टाकी कुणी फुकट देत असेल तर आधी सांधे बघा. सिलिकॉनची कड नखाने उचलली जाते का, त्यात शेवाळाची काळी रेघ शिरली आहे का, बाहेरच्या काचेवर मधोमध ओरखडे आहेत का. गळतीच्या जागी वरून नवीन सिलिकॉनचा थर मारला तर तो टिकत नाही, कारण नवं सिलिकॉन जुन्या, सुकलेल्या सिलिकॉनला नीट धरत नाही. ब्लेडने आतला जुना थर पुरता खरवडून, काच स्वच्छ करून, चारही बाजूंनी नव्याने ओढावा लागतो. मग टाकी मोरीत किंवा गच्चीवर सपाट जागी ठेवून आधी अर्धी, दुसऱ्या दिवशी पूर्ण भरावी, खाली वर्तमानपत्र पसरून. कागद दोन दिवस कोरडा राहिला तर ती घरात आणायला हरकत नाही.